विषम

"कोण गेलं?" फुलवालीनं विचारलं.
कुणी नाही, म्हणाले, राहायला चाललेय
कोस्त्रोमाला, एका घरी.
"मग डझन कशाला?"
आणि माझ्या बारा ट्यूलिपमधलं एक
तिनं उपसून बादलीत परत टाकलं.
जिवंतांना विषम, थडग्याला सम.
पैसे मात्र बाराचे घेतले.

रात्रभर गाडीत हसू येत होतं.
अहेराच्या पाकिटावर
एक रुपया चिकटवलेल्या घरात वाढलेली मी.
शंभर म्हणजे संपलं,
एकशे एक म्हणजे अजून येणंजाणं आहे.
मला कळायला हवं होतं.

बॅगेत चंदनाचे साबण चार. (चार! एक मी ठेवून घेतला.)
आसामचा चहा. रेशमी स्कार्फ, रंग निवडायला
तीन दुकानं आणि एक भांडण.
सुतार असलेल्या मुलासाठी पितळी अडकित्ता.
आणि एक बाहुली,
जिच्याकडे पुढे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

दार उघडलं. मी फुलं पुढे केली
आणि अग्निया येगोरोव्नानं मनगट धरून
मला आत ओढलं, बुटांच्या बर्फासकट.
उंबरठ्यावरून घेत नाहीत काही.
हो, हेही मला ठाऊक असलेलंच,
फक्त दुसऱ्या भाषेत.

चहाचं पाकीट तिनं बराच वेळ हुंगलं.
मग कपाटावरून एक जुना डबा उतरवला,
पिवळा, त्यावर हत्ती,
आत बटणं.
"लहानपणी वाटायचं, तुमच्याकडे
हत्ती चहा घेऊन दारात येतो."
नाही, म्हटलं. आम्हीही वाण्याकडूनच आणतो.
तिला जरा वाईट वाटलं, असं मला वाटलं.

अडकित्ता रोदिओननं उघडला, मिटला, उघडला.
तशी आईनं फ्रीजवरच्या वाटीतलं नाणं काढून
माझ्या तळहातावर दाबलं.
धारेची वस्तू भेट घेतली तर
मैत्री कापते म्हणे.
म्हणून मी तो एका रूबलला विकला.
आयुष्यातला माझा एवढाच धंदा.
तो अक्रोड फोडू लागला. सुपारीचं
समजावायला माझ्याकडे शब्द नव्हते.

उस्तीन्या नऊ वर्षांची. तिनं फक्त
माझं पेन मागितलं, आणि वहीवर स्वतःचं नाव
माझ्या लिपीत.
लिहिलं. तिनं मान वाकडी करून पाहिलं:
"ही तर आमच्या बाल्कनीतली धुणी. गोठलेली."
खिडकीबाहेर खरोखरच
रोदिओनची विजार
गुडघ्यात न वाकता उभी होती.

साबण कुणी वापरला नाही.
तो चादरींच्या घड्यांत गेला,
आणि माझी उशी पहिल्या रात्रीपासून
परक्या देशात
देव्हाऱ्यासारखी वासू लागली.
स्कार्फ ती रविवारी बांधील म्हणाली.

रविवारी तो बांधला.
बाहेर उणे अठरा. स्वयंपाकघरात
फुलदाणीसमोर ती थोडी थांबली,
अकरातली दोन उचलली,
टोकं पुसली, वर्तमानपत्रात गुंडाळली.
"मत्वेयकडे जाऊन येते.
चल, तुलाही भेटवते."
स्मशानात गुडघाभर बर्फ. तिनं हातमोज्यानं
त्याचं नाव मोकळं केलं, आधी आडनाव,
मग तारखा. दोन लाल ट्यूलिप
आमच्या डोळ्यांदेखत काचेचे झाले.
माझ्याबद्दल ती त्याला काहीतरी सांगत होती.
मला "हत्ती" एवढंच कळलं.

परतलो. टेबलावर नऊ.
तरीही विषम.

निघायच्या दिवशी सगळे कोट घालून
मिनिटभर गप्प बसले, प्रवासाआधी बसतात तसे.
रोदिओन सामानावर, मी स्टुलावर.
मग तिनं रानबेरीच्या मुरंब्याची बरणी
माझ्या कोटाच्या बाहीत कोंबली, अक्षरशः बाहीत,
कारण बॅग भरली होती.
"बरणी परत हवी हं," ती म्हणाली.

आणि रिकामी बरणी परत करत नाहीत,
हे दोन्हीकडे ठाऊक आहे.
गाडी सुटली तेव्हा मी बाही धरून बसले होते,
आता काय भरून पाठवायचं
याच्या काळजीत.