खिळे

शरणपूर रोडला मुनाफभाईंची सुतारकी.
आमच्या चर्चची बाकं तेच दुरुस्त करतात.
एरवी खिळे ओठांत धरतात,
रोजे असले की वाटीत.

"ईसांना आम्हीही मानतो, ताई.
बीबी मरियमलाही.
पण सूली? ना, ना.
अल्लानं जिवंत वर उचललं त्यांना."

मी गप्प.
माझा तर सगळा भरवसा
त्याच खिळ्यांवर टांगलेला.

मी देवाला बापा म्हणते,
भाकऱ्या थापता थापता, पिठाच्या हातांनी.
ते आधी कोपरापर्यंत हात धुतात.
मला ते धुणं आवडतं.
कधी बोलले नाही.

उत्तम शुक्रवारी
पाळकसाहेब तिसऱ्या शब्दावर आले
आणि रस्त्यापलीकडची ठोकाठोक
एकदम थांबली.

जुम्म्याला निघाले असतील.

मी डोळे उघडले नाहीत.