बाटलीवर नुसतं जास्मिन

बाटलीवर नुसतं ‘जास्मिन’.
कुठलं, ते नाही.
जाई, जुई, सायली, कुंद,
की नळबाजारचा तो अत्तरवाला
काचेची काडी मनगटावर टेकवत म्हणाला ते:
"रात का फूल समझो, बाई.
घिसना मत. मर जाता है."

मी घासलं.
सवय.

पहिली दहा मिनिटं हिरवा देठ,
नखाने खुडल्यावर बोटाला येतो तसा.
मग पिकल्या केळ्याचा कडेकडेचा गोडवा,
आणि साडेनऊला, फोर्टात, बँकेचा जिना उतरताना
एकदम फूल.
एवढं मोठ्याने, की मी वळून पाहिलं
मागून कोण येतंय.

माझं काम तळघरात.
चारशे बारा लॉकर, एक स्टूल, एक रजिस्टर.
खिडकी नाही.
वास एकदा आत शिरला की
त्यालाही बाहेर जायला माझी सही लागावी.

दलालबाई म्हणाल्या, कुणाचं लग्न?
शिपाई धोंडगे म्हणाला, मॅडम, आज पूजाबिजा?
दोनशे सातचे बेहरे
किल्ली अर्धी फिरवून थांबले, नाक वर केलं.
"सायली आहे.
केळव्याला आमच्या कुंपणावर होती."
मग काही न काढता, काही न ठेवता
सही करून गेले.
वेळ बारा बावीस.

तीननंतर त्यातलं फूल उतरलं.
खाली उरलं ते डांबरगोळीसारखं,
थोडं घामाचं, थोडं न सांगण्यासारखं.
वाटलं, फसवलं त्याने.
तरी मनगट पुन्हा पुन्हा नाकाशी,
लाज वाटावी इतक्यांदा.
रात्रीचा गजरा सकाळी उशीवर
असाच तपकिरी वास सोडतो.
तो उचलून टाकता येतो.
हे कातडं कुठे टाकू?

रजिस्टरात ‘शेरा’ असा एक रकाना आहे.
एकोणीस वर्षांत मी तो भरलेला नाही.
आज दोनशे सातसमोर लिहिलं:
सायली नसावी.
मग खोडलं. खोडल्यावर
जास्तच दिसायला लागलं.

साडेपाचला जाळी ओढली, कुलूप घातलं,
हुतात्मा चौकाच्या अलीकडे
शहाळेवाल्यापाशी थांबले.
मला तर केव्हाचं काहीच येत नव्हतं,
ना फूल, ना गोळी.

त्याने कोयता उचलला, तसाच हवेत धरला.
"ताई, मोगरा?"

मी म्हटलं,
पातळ मलईचं दे.