कितपत सहमत

बर्फाच्या फॅक्टरीवरच्या माडीत
रोझारिओ सर फळ्यावर लिहितात:
चाळीस मिनिटं, अडीचशे शब्द.
आधी प्रश्न दोनदा वाचा.
पेन लगेच पळवू नका.
खाली बर्फ फोडायचं यंत्र
त्यांच्या वाक्यावाक्याला खडखडून दुजोरा देतं.

आजचा प्रश्न: आधुनिक तंत्रज्ञानाने
पारंपरिक व्यवसायांचं भलं झालं.
तुम्ही कितपत सहमत आहात?

कच्च्या कागदावर डावीकडे बाबा.
रापण, चाळीस माणसं,
दोर ओढून सोललेले तळवे.
उजवीकडे लवू, एलईडीच्या बोटीवरचा.
मध्यरात्री समुद्राची दुपार करतो.
माझ्या परीक्षेची फी त्याच उजेडातली.

सर म्हणतात, परिच्छेद सुटे ठेवू नका,
तथापि घाला, याउलट घाला.
आमच्या घरी दोन्ही परिच्छेद
एकाच टोपातलं बांगड्याचं तिकलं जेवतात
आणि एकमेकांशी बोलत नाहीत.
मधे आई फक्त विचारते,
भात वाढू?

शेवटी नवा मुद्दा आणू नये, हा नियम.
मी आणला:
या व्यवसायातली एक मुलगी नर्स झाली,
डब्लिनच्या हॉस्पिटलात निघाली आहे.
सरांनी त्याखाली लाल रेघ मारली,
मग बराच वेळ खिडकीबाहेर
मालवणचा धक्का बघत राहिले.

रात्री जाळं शिवता शिवता बाबांनी विचारलं,
"कितपत म्हंजे किती गो?"

ते माशाची लांबी दाखवतात तसे
मी दोन्ही तळवे हवेत धरले.
मग अंतर
थोडं कमी केलं.