वनस्पतींची तोंडओळख

सोहारला आठवडा रविवारी सुरू होतो.
सकाळी आठला बावीस मुली, नऊ मुलगे
आणि एसी इतका गार की
सूक्ष्मदर्शीवर वाकलेल्या प्रत्येकीचा श्वास
भिंगावर धुकं धरतो.

पुस्तक परदेशातलं. पहिल्याच पानावर ओक,
मग मेपल, मग पानगळीचे चार रंग.
"मिस, हे झाड कुठे बघायला मिळेल?"
मीही पाहिलेलं नाही, सांगून टाकते.
कराडच्या कॉलेजात आम्हीही ते असंच पाठ केलं,
कधी न भेटलेल्या चुलतपणज्याचं नाव
वंशावळीत म्हणून टाकावं तसं.

चौथ्या आठवड्यात पर्णरंध्रं.
साल सोलायला ठेवलेलं कुंडीतलं रोप सुट्टीत वाळलं,
म्हणून पार्किंगमधून सिदरची पानं तोडून आणली.
सिदर म्हणजे आमच्या बोरीची मावसबहीण,
काटे तेच, स्वभाव जरा सुका.
साल काही सुटेना. शेवटी दुर्रा बलूशीने
पर्समधून बिनरंगी नेलपॉलिश काढलं,
पानाला एक हात दिला, वाळू दिलं,
चिकटपट्टीने उचललं, काचेवर ठेवलं:
ओठ, ओठ, ओठ,
मिटायच्या बेतातले.
कडक दुपारी झाडं ही तोंडं मिटून घेतात, म्हटलं.
वर्गाला नवल वाटलं नाही.
इथे दुकानंही एक ते चार बंदच असतात.

सहाव्या आठवड्यात फूल.
मी फळ्यावर जास्वंद काढली, उभी चिरलेली,
सगळं एका घरात: पुंकेसर, स्त्रीकेसर, वर पाच पाकळ्यांचा मांडव.
हे पूर्ण. आणि ज्यात दोहोंतलं एकच,
ते पुस्तकाच्या भाषेत अपूर्ण.

दुसऱ्या दिवशी ज़ुवैना मक़बाली
वर्तमानपत्रात गुंडाळून काहीतरी घेऊन आली,
तान्हं मूल आणावं तसं, दोन्ही हातांवर.
खजुराची नराची पोय. टेबलावर फोडली
तर पिठाचा पाऊस, ओल्या कणकेचा वास,
माझ्या हजेरीपटावर सगळ्यांची नावं पांढरी.
"हा फ़हल. एकटा चाळीस माद्यांना पुरतो.
आजोबा दोर कमरेला लावून चढायचे.
आता रफिकुल चढतो, सिलहटचा.
आजोबा खालून काठीने दाखवतात,
तो त्यांचं न ऐकता बरोबर करतो."

मग म्हणाली, "मिस, याला अपूर्ण का म्हणायचं?
उरलेलं हरवलं कुठे आहे?
ते शेजारच्या झाडात उभं आहे."

मला उत्तर आलं नाही.
फळ्यावर इंग्रजी शब्द लिहिला; ग्रीक मुळात
त्याचा अर्थ दोन घरं, एवढं सांगितलं.
मराठीतला मात्र मनातच ठेवला:
विभक्तलिंगी.
चूल वेगळी झाली तेव्हा
तहसीलच्या कागदावर हाच शब्द होता, विभक्त,
आणि कारकुनाने तो शाई फिकी म्हणून दोनदा गिरवला होता.
माझं एक घर इथे, दुसऱ्या मजल्यावर, कंपनीच्या पडद्यांचं.
एक कराडात, बियाण्याच्या दुकानामागे,
जिथे नवरा रात्री साडेनऊला शटर ओढतो
आणि मग फोन करतो. इथे तेव्हा आठ.
काय विकलं ते तो सांगतो,
काय शिकवलं ते मी.
मधल्या समुद्रावरून कुणी चढून येत नाही.

परीक्षेत प्रश्न नववा:
खजुराचे परागण कोणामार्फत होते? दोन गुण.
उत्तरपत्रिकेच्या नमुन्यात 'वारा'.
तीस जणांनी वारा लिहिलं.
ज़ुवैनाने लिहिलं: रफिकुल.
आणि पुढे कंसात,
तो तीन वर्षं घरी गेलेला नाही.

मी दोन दिले.
कंसाला वेगळे गुण नसतात.
अर्धा दिला.