वरची पांढरी दोन

पियानो रात्री साडेअकराला यायला लागला.
आधी चार टक्के, मग बराच वेळ चारच.
तारांतोतल्या या इमारतीला लिफ्ट नाही.
एरवी चौथ्या मजल्यावर पियानो चढवायचा
तर सहा माणसं, दोर, आणि जिनाभर शिव्या.
हा एकटाच येत होता, शेजाऱ्यांच्या वायफायवरून,
फुकट. कार्ड नको, सही नको,
एका चौकोनात खूण करायची फक्त: मान्य आहे.
केली. याहून कठीण गोष्टी
मान्य करून झाल्यात माझ्या.

पलीकडे सिन्योरा एर्सिलिया झोपलेल्या,
वय एक्याण्णव, दात पेल्यात.
लॅपटॉप त्यांच्या नातवाचा, रुज्जेरोचा.
टाकून देण्याआधी त्याने विचारलं, हवाय?
एल तेवढं तुटलंय.
म्हटलं, एलवाचून माझं काय अडतंय.

पहाटे तीनला पोचला.
ए म्हणजे पांढरी एक. एस, दोन.
वरच्या ओळीत काळ्या, मध्ये फटी सोडून,
अगदी खऱ्यासारख्या.
बोट दाबलं. सूर आला, पण जरा उशिरा,
कुताईसीला फोन लावल्यावर
वडिलांचं 'हं' येतं तसा.
सेटिंगमध्ये एक आकडा कमी केला, मग वेळेवर यायला लागला.
फोनचं तसं काही करता येत नाही.

हेडफोनमध्ये अख्खा हॉल.
कुणी माणूस कुठल्याशा गावात बसून
एकेक पट्टी आठ-आठ वेळा वाजवून गेलाय,
हळू, जरा मोठ्याने, आणखी जरा मोठ्याने,
आणि ठेवून दिलंय, ज्याला हवं त्याने न्यावं.
खर्जात त्याची खुर्ची करकरते.
एका पट्टीत, मला वाटतं, तो श्वास घेतो.
अठ्ठ्याऐंशी गुणिले आठ.
मधे जेवायला तरी उठला असेल ना?

बाहेर खोलीत नुसतं टक टक.
सिन्योरा सकाळी म्हणतात,
कुणाला लिहितेस गं एवढं?

वडील, ओतिया,
चाळीस वर्षं संगीतशाळेचे पियानो सुरात लावायचे.
घरातला एका हिवाळ्यात गेला,
मैद्याची दोन पोती आणि रॉकेलचा स्टोव्ह, एवढ्याला.
जिन्यात धक्का बसला तेव्हा
सगळ्या तारा एकदम कण्हल्या.
मी नऊ वर्षांची. ते आत,
सूर लावायची किल्ली मुठीत धरून,
पातेल्यातलं पाणी उकळतंय का बघत होते.
स्टोव्ह अजून पेटवलाच नव्हता.

त्यांची एक चाल मी बसवतेय,
लग्नात सगळे थकल्यावर वाजायची ती.
एल तिच्यात तीनदा येतं,
वरची पांढरी दोन.
तिथे ओठ मिटून 'हं' म्हणते आणि पुढे जाते.

मग गुरुवारी सिन्योरांना ताप.
त्यांचा श्वास ऐकू यायला हवा
म्हणून हेडफोन काढून, आवाज बंद करून,
उशाशी बसून नुसती बोटं चालवली रात्रभर.
उजाडल्यावर पाहिलं तर
पियानो मागे, पुढे उघडं वडिलांचं अर्धं पत्र,
आणि 'गुडघ्याला तेल लावत जा' याच्या खाली
जी जी एच के, जे एच जी,
चार ओळी, न थांबता.
पुसणार होते.
तसंच पाठवलं.

नवव्या दिवशी फोन.
गुडघ्याबद्दल अवाक्षर नाही.
म्हणाले, तिसऱ्या ओळीत एक पट्टी बोलत नाहीये,
वरच्या अंगाची. हातोडी अडकली असेल.
दमटपणा आहे का तिकडे?
आहे, म्हटलं. समुद्र आहे.
त्यांना ती अक्षरं कुणी लावून दाखवली,
की स्वतःच कागदावर पट्ट्या आखून बसले होते,
विचारायचं राहिलं.

आज सिन्योरांच्या भुवयांच्या चिमट्याने
एलच्या खाचेतला कचरा काढला:
पावाचा चुरा, एक पांढरा केस.
खाली रबराची इवली वाटी आहे.
आगकाडीच्या टोकाने दाबली तर वाजते.
मोठ्या आवाजातच वाजते, हळू येत नाही अजून.

ताप उतरलाय.
पलीकडून विचारतायत, सूपमध्ये
मीठ कुणी घातलं होतं काल.