उतार

भाईंनी एकतीस वर्षं
गाडी उतारावरच उभी केली.
लग्नाचं आमंत्रण आलं की आधी विचारायचे,
मांडवापुढं जमीन कशी आहे?
मागच्या चाकाला चिरा. चिरा काढायचं काम माझं.
ब्रेक सुटला की चौसष्टची अँबॅसिडर
पोटात माणसं घेऊन मुकाट घरंगळायची,
दहाबारा हातांवर क्लच सोडला
की एक हिसका देऊन बोलू लागायची.
मी चिरा छातीशी धरून मागून धावायची.
चालत्या गाडीत चढायला
मी अक्षरांच्या आधी शिकले.

हँडल होतं. त्यानं एकदा मनगट मोडलं,
तेव्हापासून डिकीत, गोणपाटात गुंडाळून.

स्टार्टर मेलाय, ते सांगायचे.
शिरोड्याला भावाकडे का जात नाही, असं विचारलं
तरी हेच.
तिथं मिठागरं. जमीन ताटासारखी.
बंद केली तर ढकलायचं कोणी?
पोफळीच्या बागेवरून फाटलं होतं
की त्याआधीच्या कशावरून,
मला कोणी सांगितलं नाही.

भाई गेल्यावर वर्षभरानं
टेम्पोमागे दोर बांधून गाडी नेली
इनास आल्मेडाकडे, बंदराच्या वाटेवर.
म्हटलं, कोल्हापूरहून नवा स्टार्टर मागवूया.
त्यानं आधी बॅटरीची तार सोडली,
मग पत्र्याखाली आडवा झाला.
बराच वेळ नुसते पाय दिसत होते
आणि एक नट, जो फिरायला तयार नव्हता.

बाहेर आला तो लोखंडी नळकांडं पोटाशी धरून,
काळं, खारानं फुललेलं.
गोणपाटावर उघडलं.
कार्बन झिजून नखाएवढे.
तांब्याच्या पट्ट्यांमध्ये काजळी,
ती त्यानं मोडक्या हॅक्सॉच्या पात्यानं
एकेक फट कोरून काढली,
दातांतलं काढावं तशी.
बेंडिक्सचं दातेरी चाक गंजून जागीच अडकलेलं.
रॉकेलमध्ये बुडवलं, बोटानं फिरवत राहिला,
फिरवत राहिला,
मग ते आपणहून फिरलं.
मी तेलाची बुधली पुढं केली.
‘हय तेल नको. तेलाक धूळ चिकटता.’

स्टार्टर जमिनीवर ठेवला, वर पाय दाबला,
तार टेकवली.
होडीत ओतलेल्या सुरमईसारखा तो
इनासच्या पायाखाली उसळला.

‘मेलो नव्हतो,’ इनास म्हणाला, हात पुसत.
‘तुझ्या बापाशीक मी दोनदा सांगलंय.
शंभर रुपयाचा काम.
तो म्हणालो, रवांदे.’

मोचेमाड, आरवली, मग सपाट.
भार्गवकाकांच्या फाटकापुढं
मी गाडी बंद केली.
इतकं शांत झालं की
पाटातलं पाणी ऐकू आलं.
पायानं सवयीनं उतार शोधला.

काका आले. माझ्याकडे नाही,
आधी बॉनेटकडे बघितलं.
‘बंद केलंस?’
मग म्हणाले,
‘येय होतो तो. वर्साक दोनदा तरी.
गाडी चालूच. खाली उतरी नाय.
मी चपला घालून भायर येयसर
गेलेलो असायचो.’

फाटकाशी वाळूत काळा डाग होता,
परातीएवढा.
‘थयसर अबोली लावलेली,’ काका म्हणाले.
‘जगली नाय.’

निघताना काका फाटकात उभे राहिले,
चपला घालून.
मी किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्यात.
बंद केली.
पुन्हा फिरवली.
पुन्हा बंद केली.
इनास म्हणाला होता, उगाच फिरवी नको,
बॅटरी उतरतली.