तीन नंबरची जर्सी

खेळातलं मला काही कळत नाही.
मला डाग कळतात.
गवताचा, रक्ताचा,
आणि ज्याला नाव नाही असा तिसरा,
जो मानेच्या शिवणीत दडतो आणि सोड्याला दाद देत नाही.
एकवीस वर्षं या गावच्या क्लबचे कपडे धुते आहे मी, सोलांज,
स्टँडखालच्या खोलीत,
जिथे बॉयलर खोकतो
आणि शनिवारी डोक्यावर हजार बूट आपटतात.

फेलेती ऑगस्टात आला. टोंगाहून.
नकाशात शोधलं मी:
निळ्या कागदावर माशी बसून उडाल्यासारखं काहीतरी.
कपाटातली सगळ्यात मोठी जर्सी त्याच्या दंडाशीच अडली.
मग जुन्या दोन जर्सी फाडून
मी दोन्ही बगलांत चौबगले जोडले.
हात वर करून पाहिले त्याने, आरशाला धक्का लागला.
"मालो," म्हणाला.
मला वाटलं नाव सांगतोय.
नाताळपर्यंत मी त्याला मालोच म्हणत होते
आणि तोही ओ देत होता.

स्क्रममधला तीन नंबर म्हणजे काय
ते मस्यू लाकोंबनी सांगितलं. क्लबचे अध्यक्ष, धंदा चीजचा,
सगळं वजनातच मोजतात:
"सोळा माणसांचा भार जिथे येऊन थांबतो, ती मान."
तेव्हा कळलं कॉलर का विरते,
आणि उजवा कान महिन्या-महिन्याला
उकडलेल्या बटाट्यासारखा का होत चाललाय.

हिवाळ्यात ड्रायरला पाठ टेकून बसायचा तो.
गावात एवढी ऊब दुसरीकडे कुठे नव्हती.
मांडीवर फोन, फोनमध्ये बहीण,
बहिणीच्या मागे कोंबडे आणि लख्ख ऊन.
घड्याळाचे काटे दोन्हीकडे तेच,
फक्त त्यांचे आठ सकाळचे, उद्याच्या.
पगारातले किती तिकडे जातात, विचारलं नाही.
त्याच्या बुटाला मात्र मीच दोनदा तळ चिकटवला.

फेब्रुवारीत एक दिवस
ट्रॅकसूटवर कमरेला फाटकी चटई गुंडाळून आला.
पोरं हसली. मग त्याच्या तोंडाकडे बघून हसायची थांबली.
मी दाभण काढला, जाड दोरा ओवला.
"दे इकडे, सांधून देते."
दोन्ही हातांनी झाकली त्याने ती.
शब्द जुळवत म्हणाला,
"फाटकीच हवी. वडील."

तीन विमानं, दोन दिवस, आणि शनिवारी सामना.
कोणी त्याला अडवलं नव्हतं.
जा, असंही कोणी म्हणालं नव्हतं.
मीसुद्धा.

बारा-नऊ जिंकलो म्हणे.
जर्सी आली ती उजव्या बगलेपासून कमरेपर्यंत उसवलेली,
चौबगला लोंबत होता.
इतर बावीस धुतल्या, वाळवल्या, घड्या केल्या.
ही एक खुंटीला राहू दिली गुरुवारपर्यंत.
ट्रेनर ओरडला. ओरडू दे.

मे महिन्यात सहा गुणांनी खालच्या वर्गात गेलो.
नऊ जणांना पत्रं आली, पाकिटं सगळी सारखी.
निघताना तो खोलीत आला, वाकून,
नऊ महिन्यांत त्या चौकटीला कपाळ आपटायचा थांबला होता.
"मालो," म्हणाले मी.
तो मोठ्याने हसला,
आणि बॉयलरही त्याच वेळी खोकला.

आता जॉर्जियाचा एक पोरगा आलाय, गुराम.
मान चांगली आहे म्हणतात,
पण जर्सी अंगावर शिडासारखी फुगते.
ट्रेनर म्हणतो, ते तुकडे काढ, आत घे.
उद्या घेते, म्हणाले.
सप्टेंबर लागलाय.
कात्री समोरच आहे.